बिनदुव्याचा दुवा

आपल्या मराठीत एक फार गोड गोंधळ आहे. दुवा म्हणजे साखळीतली कडी, दोघांना जोडणारा. आणि दुवा म्हणजे आशीर्वादही, दारावर आलेला फकीर देतो तो. पहिला शब्द कुठून आला आणि दुसरा अरबीतून आपल्याकडे कसा रुळला हे भाषेतली जाणकार मंडळी सांगतील, मी त्यात पडत नाही. पण इंटरनेटवरच्या लिंकला मराठीत दुवा म्हणायला ज्या कुणी सुरुवात केली त्याला माझा दुवा! कारण गेली वीसेक वर्षं आंतरजालावर एक वाद चालू आहे आणि तो नेमका या दोन अर्थांमधला आहे. एखाद्या पानाकडे बोट दाखवलं, म्हणजे त्या पानाला आशीर्वाद दिला असं होतं का?

या वादाचं नाव नोफॉलो. घरची मंडळी इथे येऊन वाचतात आणि मग फोनवर "काही कळलं नाही रे, पण छान लिहिलंयस" म्हणतात, त्यांच्यासाठी जरा पायरीपायरीने सांगतो. आपण संकेतस्थळावर निळं, अधोरेखित अक्षर बघतो आणि त्यावर टिचकी मारतो. त्या अक्षरामागे दुसऱ्या पानाचा पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्याला एक छोटीशी चिठ्ठी जोडता येते, नोफॉलो. वाचणाऱ्याला ती दिसत नाही. टिचकी मारली की पान नेहमीसारखंच उघडतं. चिठ्ठी असते ती गूगलसारख्या शोधयंत्रासाठी. तिचा अर्थ एवढाच, की "वाट दाखवली आहे, पण हमी माझी नाही. हे माझं मत म्हणून मोजू नका."

मत का मोजायचं, हा खरा मुद्दा. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, म्हणजे थेट १८७३ सालात.

त्या वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने वकिलांसाठी एक उद्योग सुरू केला. वकिलाला नेहमी पडणारा प्रश्न असा, की मी ज्या जुन्या निकालाचा आधार घेतोय तो अजून जिवंत आहे का? नंतरच्या कुठल्या न्यायालयाने तो उलटवला तर नाही? शेपर्डने काय केलं, तर गोंद लावलेल्या कागदाच्या पट्ट्या छापल्या. प्रत्येक निकालाचा उल्लेख नंतर कुठे कुठे झाला, ते त्यावर असायचं. वकिलाने ती पट्टी आपल्या ग्रंथात त्या निकालाच्या समासात चिकटवायची. पुढे याचेच जाडजूड खंड झाले. पण त्यातली खरी हुशारी पुढेच आहे. नंतरच्या निकालाने आधीच्या निकालाचं नुसतं नाव घेतलं एवढंच तिथे सांगत नसत. नाव घेऊन काय केलं, तेही एका अक्षरात देत. अनुसरला असेल तर एक अक्षर, "हे प्रकरण वेगळं आहे" म्हणून बाजूला ठेवला असेल तर दुसरं, शंका घेतली असेल तर तिसरं, उलटवला असेल तर चौथं.

माझे एक काका जिल्हा न्यायालयात वकिली करायचे. त्यांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "यात नवल काय? आमच्याकडेही हेच." त्यांच्या कपाटात ए.आय.आर.चे, म्हणजे १९१४ पासून चालत आलेल्या आणि नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे, लालसर पाठीचे खंड रांगेने उभे असत. त्यांचं म्हणणं असं, की निकालाचा दाखला देताना तो अनुसरला की वेगळा ठरवला की रद्द केला हे न सांगणारा वकील कोर्टात दोन मिनिटंही उभा राहू शकणार नाही. "नाव घेतलं म्हणजे बाजू घेतली असं कोण समजतं?" हा त्यांचा प्रश्न.

समजतात, काका. पुढे सांगतो.

१९५३ साली, शेपर्डच्या कंपनीत उपाध्यक्ष राहून निवृत्त झालेल्या विल्यम अडेअर यांनी युजीन गारफील्ड नावाच्या तरुणाला पत्र लिहून ही पद्धत कळवली. गारफील्ड शास्त्रीय नियतकालिकांची सूची सोपी कशी करता येईल या खटपटीत होता. त्याच्या डोक्यात दिवा पेटला. वकिलांच्या दाखल्यांची सूची होते तर शास्त्रज्ञांच्या संदर्भांची का नाही? १९५५ साली त्याने सायन्स या नियतकालिकात ही कल्पना मांडली आणि साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्षात आला. पहिल्याच खेपेला ६१३ नियतकालिकं आणि सुमारे १४ लाख संदर्भ! एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक संदर्भ वाचून "हा कौतुकाचा, हा टीकेचा" असं अक्षर लावत बसणं कुणालाच शक्य नव्हतं. ते अक्षर गळलं. उरली नुसती मोजदाद. कुणाचा उल्लेख किती वेळा झाला.

या गळलेल्या अक्षराकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, आळसही नव्हता. पसारा मोठा झाला की बारकावा परवडत नाही, एवढंच. पण त्या दिवसापासून उल्लेख आणि शिफारस हे दोन शब्द एकाच खात्यात जमा व्हायला लागले.

१९९८ साली स्टॅनफर्डमधल्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी ब्रिस्बेनच्या परिषदेत आपल्या शोधयंत्रावरचा निबंध सादर केला. संशोधनातले संदर्भ मोजण्याची पद्धतच आपण जालाला लावतो आहोत, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितलं आहे. त्यांनी घातलेली भर मात्र मोठी होती. प्रत्येक उल्लेखाची किंमत सारखी धरायची नाही. ज्याच्याकडे स्वतः पुष्कळ जण बोट दाखवतात, त्याने दाखवलेलं बोट वजनदार. हा पेजरँक. ते उदाहरण देतात एका कंटाळलेल्या वाचकाचं. तो कुठल्यातरी पानावर बसतो, दिसेल त्या दुव्यावर टिचकी मारत पुढे जातो, मधूनच कंटाळून कुठल्यातरी भलत्याच पानावर उडी मारतो. (दुव्यावरून पुढे जाण्याची शक्यता त्यांनी साधारण ०.८५ धरली होती.) असा तो अनंत काळ भटकला तर ज्या पानावर जास्त वेळा सापडेल ते पान महत्त्वाचं.

आधीच्या शोधयंत्रांचा भर पानावर शब्द किती वेळा आला यावर असायचा, त्यामुळे "स्वस्त विमान तिकीट" हा शब्द पाचशे वेळा लिहिलेलं पान वर येई. त्यापुढे गूगल म्हणजे चमत्कारच होता, हे ज्यांनी तेव्हा दोन्ही वापरलं त्यांना आठवत असेल. पण चमत्काराचा पाया एका समजुतीवर उभा होता. माणूस दुवा देतो तो मनापासून देतो, ही ती समजूत.

आणि ही समजूत सगळ्यांना कळल्याबरोबर ती खरी राहिली नाही. दुव्याला भाव आला. ज्याला आपलं दुकान वर आणायचं आहे त्याने दुवे पेरायला सुरुवात केली. पेरायची जागा कुठली, तर जिथे कुणीही येऊन लिहू शकतं ती. पाहुण्यांच्या वह्या, प्रतिसादांच्या जागा, विकीची पानं. २००३-०४ च्या सुमारास ज्यांची अशी स्थळं होती ते सकाळी उठून पहिलं काम काय करत, तर रात्रीतून आलेले जुगाराचे आणि औषधांचे दुवे झाडून काढत. अंगणातला पाचोळा काढावा तसे.

गंमत म्हणजे चांगल्या माणसांनीही याचा खेळ केला. २००३ च्या अखेरीस पुष्कळ लोकांनी ठरवून "दयनीय अपयश" या अर्थाचे इंग्रजी शब्द लिहून त्यांमागे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या अधिकृत चरित्राचा दुवा दिला. झालं! ते शब्द शोधले की पहिलं उत्तर व्हाइट हाउसचं पान. गूगलने त्यावर उपाय केला तो २००७ च्या जानेवारीत. इथे काकांचा प्रश्न आठवा. शिवी देऊन नाव घेतलं तरी यंत्राच्या वहीत ते मतच.

म्हणून काही जण गळलेलं अक्षर परत आणायचा प्रयत्न करत होते. केविन मार्क्स आणि तान्तेक चेलिक यांनी एक साधी योजना सुचवली होती. दुवा देताना बरोबर तीनपैकी एक शब्द लिहायचा, बाजूने, विरोधात किंवा तटस्थ. मला ही योजना आजही आवडते. ग्रामसभेत हात वर करण्यासारखी सरळ आहे. पण ती चालली नाही.

चाललं ते दुसरंच. १८ जानेवारी २००५ रोजी गूगलने जाहीर केलं, की ज्या दुव्यावर नोफॉलो असेल तो आम्ही क्रमवारीसाठी मोजणार नाही. घोषणेखाली मॅट कट्स आणि जेसन शेलन यांची नावं होती. याहू आणि एमएसएन हे प्रतिस्पर्धीही त्यात सामील झाले, वर्डप्रेस, लाइव्हजर्नल, सिक्स अपार्ट अशी लिहिण्याची साधनं पुरवणारी मंडळीही. तर्क साधा होता. बाहेरच्याने येऊन टाकलेल्या दुव्याला किंमतच उरली नाही तर टाकणारा कशाला टाकेल?

टाकतच राहिला. ज्याचा दुवा यंत्र टाकतं, त्याला एक दुवा काय नि एक लाख काय, खर्च सारखाच. कुठे चिठ्ठी आहे आणि कुठे नाही हे बघत बसण्यापेक्षा सगळीकडे टाकणं त्याला सोपं. शिवाय शोधयंत्राने मोजलं नाही तरी चार माणसं टिचकी मारतातच. कचरा खरोखर आटोक्यात आला तो अकिस्मेटसारख्या गाळण्यांमुळे (तीही २००५ मधलीच) आणि जागरूक माणसांमुळे. नोफॉलोने कचरा थांबवला नाही, कचऱ्यामुळे शोधयंत्राचं होणारं नुकसान थांबवलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळे पुढचा बराच घोळ झाला असं मला वाटतं. नळ गळतोय म्हणून शेजाऱ्याच्या घरात पाणी जातं; आपण मध्ये बांध घातला. शेजारी खूश. नळ गळतोच आहे.

आता येतो मी विकिपीडियाकडे, कारण सामुदायिक स्थळाने काय करावं या प्रश्नाची सगळी बाराखडी तिथे सापडते.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या प्रणालीत २००५ मध्येच नोफॉलोची सोय आली, आणि ती मुळातच चालू ठेवलेली होती. म्हणजे तुम्ही काही केलं नाहीत तर बाहेरच्या प्रत्येक दुव्यावर चिठ्ठी लागणार. इंग्रजी विकिपीडियाच्या मंडळींनी यावर चर्चा केली, कौल घेतला आणि लेखांतल्या दुव्यांवरून ती काढून टाकली. त्यांचं म्हणणं होतं, की आमच्या लेखाखालचे दुवे माणसांनी निवडलेले असतात. वाईट दुवा आला तर आम्ही तो उडवतो. मग जो राहिला तो चांगलाच की! त्याला मत का मिळू नये? इतर भाषांमधले विकिपीडिया, २००३ साली सुरू झालेला आपला मराठीही त्यातच, मुळातली व्यवस्था घेऊन चालले. त्यात तथ्यही आहे. इंग्रजीकडे राबणारे हजारो हात, आपल्याकडे मोजके. रात्री टाकलेला कचरा सकाळपर्यंत कुणी बघेलच याची खात्री नाही.

दोन वर्षांनी, २० जानेवारी २००७ च्या सुमारास, चित्र पालटलं. जिमी वेल्स यांच्या सांगण्यावरून ब्रायन व्हिबर या मुख्य तंत्रज्ञाने इंग्रजी विकिपीडियावरही नोफॉलो परत लावलं. निमित्त एका स्पर्धेचं होतं. शोधयंत्रात वर येण्याचा धंदा करणाऱ्यांनी एक विचित्र शब्दजोडी ठरवून, त्यावर कुणाचं पान पहिलं येतं याची शर्यत लावली होती, आणि विकिपीडिया ही दुवे पेरायला सर्वांत सुपीक जमीन. एका शर्यतीमुळे सगळ्या ज्ञानकोशाचं धोरण फिरलं, आणि या वेळी कौल घेतला गेला नाही, वरून आदेश आला. आदेश व्यावहारिकदृष्ट्या चूक होता असं मी म्हणणार नाही, घरात चोर शिरतोय तेव्हा सभा भरवत नाहीत. पण चोर गेल्यावर तरी सभा भरवतात. ती चिठ्ठी मात्र कायमची राहिली.

त्यावर जी टीका झाली तिचं सार असं. विकिपीडिया जगभरातल्या पानांवरून माहिती घेतो, आणि घ्यायलाच हवी, कारण स्वतःचं नवं संशोधन छापायचं नाही हा त्याचा नियम आहे. संदर्भाशिवाय वाक्य राहू देत नाही. म्हणजे बाहेरच्या लेखकाच्या खांद्यावर तो उभा आहे. इकडे जग विकिपीडियाला दुवे देतं ते चिठ्ठीविना, सगळं वजन आत येतं. बाहेर जाताना मात्र दारावर मोजणी बंद. घेणं भरपूर, देणं शून्य. काही जण त्याला कृष्णविवर म्हणायला लागले.

एक बारकी गोष्ट त्या वेळी पुष्कळांच्या डोळ्यांवर आली. विकिपीडियावर "आंतरविकी" नावाची एक यादी असते. त्या यादीतल्या स्थळांना आखूड पद्धतीने दुवा देता येतो आणि अशा दुव्यांना चिठ्ठी लागत नाही. यादीत विक्शनरीसारखे भगिनी प्रकल्प होते हे ठीकच. पण तिच्यात विकियाही होती, म्हणजे आता फॅन्डम म्हणून ओळखली जाणारी कंपनी. ती जिमी वेल्स यांनीच अँजेला बीझली यांच्यासह काढलेली आणि नफ्यासाठी चालणारी. मुद्दाम कुणी काही केलं असेल असं मला वाटत नाही, यादी जुनी होती. पण शेताला कुंपण घालताना पाटलाच्या बांधाकडे फट राहिली की गावात बोललं जातंच.

मला त्यात दुसरंच काही दिसतं. अशी यादी असू शकते, हाच पुरावा आहे की सगळ्यांना एकच पट्टी लावायची सक्ती यंत्राची नव्हती. मीडियाविकीच्या मांडणीतच सोय आहे, की अमुक नामविश्वातल्या पानांवर नोफॉलो नको, तमुक पत्त्यांवर नको. विश्वासाची यादी करता येते. करायला माणसं लागतात एवढंच.

प्रोग्रामर मंडळींच्या स्टॅक ओव्हरफ्लोने (२००८ साली सुरू झालेलं हे प्रश्नोत्तरांचं स्थळ) याहून चांगली वाट काढली. आधी तिथेही सरसकट चिठ्ठी होती. पुढे त्यांनी ठरवलं, की लोकांनी मतं देऊन उचलून धरलेल्या लिखाणातल्या दुव्यांवरून ती काढायची. यात शहाणपण असं आहे, की वेगळी समिती नको. समाज जे काम रोज करतोच आहे, वाचणं, पसंत करणं, खोडणं, त्याचाच निकाल दुव्याला लागू होतो. नवा माणूस नवा दुवा घेऊन आला की चिठ्ठीसह ये. इथे राहा, लोकांना वाचू दे. टिकलास तर चिठ्ठी काढू. आपल्याकडे नव्या भाडेकरूशी चाळ वागते, तसंच.

बाकीच्या जगात काय झालं ते भराभर सांगतो, कारण ते फार मनोरंजक नाही. नोफॉलो आलं होतं प्रतिसादांतल्या कचऱ्यासाठी. मग गूगलने सांगितलं की पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांवरही ते लावा. मग हुशार लोक स्वतःच्याच स्थळातल्या नकोशा पानांवर चिठ्ठ्या लावून वजन हव्या त्या पानाकडे वळवायला लागले, तर २००९ साली मॅट कट्स यांनी सांगून टाकलं की असं वाचवलेलं वजन आता दुसरीकडे जात नाही, हवेत विरतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि खोट्या दुव्यांवर स्थळं आपटली. त्यानंतरचं दृश्य तर अजबच होतं. ज्यांनी कधीकाळी दुव्यासाठी हातापाया पडल्या तेच "कृपा करून आमचा दुवा काढा" म्हणून पत्रं पाठवू लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलने "हे दुवे आमचे नव्हेत" असं कळवायची सोयही केली. भीती एवढी पसरली, की पुष्कळ मोठ्या प्रकाशनांनी बाहेरच्या सगळ्याच दुव्यांवर चिठ्ठी लावून टाकली. विचारायला नको, निवडायला नको.

इथे मला आमच्या मामांबद्दल लिहायचं आहे. (मामा, वाचत असालच. रागावू नका.) निवृत्तीनंतर मामांनी दोन बोटांनी टंकन शिकून आपल्या तालुक्यातल्या बारवांची नोंद करायला घेतली. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, पुढच्या पिढीसाठी सांगतो. स्वतः जाऊन पायऱ्या मोजायच्या, कोनाडे मोजायचे, शिलालेख असला तर अक्षरं उतरवायची, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. सगळं युनिकोडमध्ये. त्या काळात हे छोटं नव्हतं, कारण आपली मोठमोठी वर्तमानपत्रं तेव्हा आपापल्या खास टंकात निघत आणि शोधयंत्राला त्यातलं अक्षर लागत नसे. मराठीत काही सापडायचं ते बहुधा कुणीतरी कुणालातरी दिलेल्या दुव्यावरूनच.

पुढे एका बऱ्याच मोठ्या सामुदायिक माहितीस्थळाने (नाव घेत नाही) मामांच्या नोंदींवरून लेख केले. संदर्भ दिला, दुवा दिला, रीतसर. पण त्या दुव्यावर चिठ्ठी. आज त्यातल्या कुठल्याही बारवेचं नाव शोधलं की पहिलं येतं ते त्या स्थळाचं पान, मग त्यावरून उचललेली आणखी पाचसहा, आणि मामांचं पान कुठेतरी तळाशी. नोफॉलोमुळेच असं झालं असं मी म्हणत नाही. शोधयंत्रं कितीतरी गोष्टी मोजतात, मामांच्या पानाची मांडणीही जुनाट आहे. पण इंग्रजीतल्या एखाद्या पानाला हजार ठिकाणांहून दुवे असतात, त्यातला एक न मोजल्याने त्याचं काही बिघडत नाही. तालुक्यातल्या बारवांवरच्या मराठी पानाला सगळे मिळून चार दुवे. त्यातला वजनदार असा एकच. तोच न मोजलेला.

मामांनी तिथे पत्र लिहिलं. स्थळ सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचं अतिशय सभ्य उत्तर आलं, की आमचं धोरण सगळ्यांना सारखं आहे, त्यात तुमच्याबद्दल अविश्वास नाही. मामांनी मला ते दाखवलं आणि विचारलं, "माझं पान वाचूनच लेख केला ना यांनी? मग हमी नाही असं का सांगतात?"

याला उत्तर देणं सोपं नाही. स्वयंसेवकाची बाजू मला कळते. फुकट काम करणारी चार माणसं, दिवसाला येणारे शेकडो दुवे. प्रत्येकाची शहानिशा करा म्हणणं सोपं, करणार कोण? सरसकट नियमात एक न्यायही असतो, ओळखीच्याला झुकतं माप नाही. पण "सगळ्यांना सारखं" म्हणताना जुगाराचा दुवा आणि बारवेचा दुवा एका तागडीत बसतात, आणि तागडी रिकामीच आहे असं जाहीर होतं. ज्या पानाच्या आधारावर आपण वाक्य लिहिलं, त्याचा दुवा आपण निवडलेला आहे. तो न मोजण्याची विनंती करणं म्हणजे खरं न बोलणं आहे. आणि जो दुवा वाईट आहे त्याला चिठ्ठी लावून ठेवणं हेही तितकंच चूक, तो काढूनच टाकायला हवा. वाचकाला तर तो तसाच उघडतो ना.

१० सप्टेंबर २०१९ रोजी गूगलने यात एक मोठा बदल केला. नोफॉलो हा आता हुकूम नाही, नुसता इशारा आहे, मानायचा की नाही ते आम्ही ठरवू. सोबत आणखी दोन चिठ्ठ्या दिल्या. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी स्पॉन्सर्ड, आणि वाचकांनी, सभासदांनी लिहिलेल्या मजकुरातल्या दुव्यासाठी यूजीसी. एका अर्थाने शेपर्डची अक्षरं जवळजवळ दीडशे वर्षांनी परत आली म्हणायची. पण नीट बघा, सगळी अक्षरं हात आखडण्याचीच आहेत. "पैसे घेतलेत", "मी लिहिलेलं नाही", "हमी नाही". अनुसरला, हे अक्षर नाहीच. असलं असतं तरी ते दुसऱ्या दिवशी सगळ्या जुगारवाल्यांनी लावलं असतं, हेही खरं. त्यामुळे बिनचिठ्ठीचा साधा दुवा हेच ते अक्षर, आणि ते जपून का होईना पण वापरायचं असतं.

काकांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं. शेपर्डची पट्टी कोण तयार करायचं? म्हटलं, त्या कंपनीतले जाणकार, निकाल वाचून. "आणि तुमची चिठ्ठी?" म्हटलं, बहुतेक ठिकाणी कुणीच नाही, प्रणालीत आधीपासून खूण केलेली असते. त्यावर ते काही बोलले नाहीत, चहा प्यायला लागले.

गेल्या महिन्यात मी त्या स्वयंसेवकाला मामांच्या वतीने एक प्रस्ताव पाठवला. नव्या सभासदाने टाकलेल्या दुव्यावर चिठ्ठी राहू दे. लेखाच्या संदर्भयादीत सहा महिने टिकलेल्या, आणि निदान दोन जुन्या सभासदांनी उघडून पाहिलेल्या दुव्यावरून ती काढा. पाहिल्याची खूण करायला लेखाखाली एक बटण पुरे, त्यांच्या प्रणालीत पत्त्यांची यादी ठेवायची सोय आहे, मी तपासलं. सगळ्या स्थळाला एकदम नको, आधी तालुक्याच्या इतिहासाच्या शंभरेक लेखांवर करून बघा. उत्तर आलं, की पुढच्या बैठकीत ठेवतो, पण बटण दाबायला माणसं लागतील, तुम्ही आणि मामा येता का?

मामा तयार आहेत. त्यांनी संदर्भयाद्या मागवून घेतल्यात आणि पहिल्या दिवशी अकरा दुवे उघडून पाहिले. त्यातले चार मेलेले निघाले.